हवेतला नायट्रोजन आणि गोणीतला नत्र

जिंतूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी नववीच्या वर्गात निघालेले तीन प्रश्न माझ्याकडे पाठवले आहेत. पहिला प्रश्न असा की, हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, तर आमचे आईवडील युरियाच्या गोणीसाठी रांगेत का उभे राहतात? दुसरा प्रश्न असा की, शुक्रावर आणि शनीच्या टायटन या चंद्रावरही नायट्रोजन आहे, मग तिथे जीव का नाहीत, आणि उद्या एखाद्या दूरच्या ग्रहावर नायट्रोजन सापडला तर ती जीवसृष्टीची खूण मानावी का? तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत आवडला, असा की, पिकांना हा वायू वापरताच येत नसेल तर तो हवेत नसता तरी काय बिघडले असते?

सर, मी खगोलशास्त्रज्ञ नाही. परभणीत तीस वर्षांहून अधिक काळ मी माती तपासली आणि मृदा-रसायनशास्त्र शिकवले. तरीही हे प्रश्न मला परके वाटले नाहीत, कारण ग्रहाच्या आकाशात नायट्रोजनचे जे घडते, त्याचा मोठा भाग काळ्या रानातल्या वीतभर मातीत पाहता येतो. म्हणून मी मातीपासूनच सुरुवात करते.

आधी शब्दांविषयी थोडेसे. आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकात नायट्रोजन असतो आणि शेतात नत्र असतो. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द घरोघर माहीत असतात, पण हा नत्र आणि तो नायट्रोजन एकाच मूलद्रव्याची नावे आहेत हे अनेक मुलांच्या लक्षात येत नाही. वर्गात मी त्याबद्दल कधी कोणाला टोकले नाही, कारण या गैरसमजात अर्धे सत्य आहे. हवेतला वायू म्हणजे दोन अणूंची घट्ट जोडी, तर गोणीतला नत्र म्हणजे ती जोडी फोडून हायड्रोजन, ऑक्सिजन किंवा कार्बन यांच्याशी बांधलेला एकेकटा अणू. मूलद्रव्य एकच असले तरी झाडाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पुढे मी जोडीला नायट्रोजन आणि फुटून बांधल्या गेलेल्या रूपाला नत्र म्हणेन. बोलीने केलेला हा भेद या उत्तरापुरता फार उपयोगी आहे.

हा भेद मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजला तो प्रयोगशाळेतल्या एका रिकाम्या चाचणीत. मातीतला उपलब्ध नत्र मोजताना वीस ग्रॅम माती काचेच्या चंबूत घेऊन ती परमँगनेट आणि कॉस्टिक सोड्यासह उकळतात. निघालेला अमोनिया नळीवाटे बोरिक आम्लात उतरतो, आणि त्या आम्लातल्या दर्शकाचा लालसर वाइनसारखा रंग बघता बघता हिरवा होतो. मातीचे नमुने लावण्याआधी एक चंबू माती न घालता तसाच चालवावा लागतो, त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. त्या चंबूत रसायनांच्या वर निदान अर्धा लिटर हवा असते आणि त्या हवेत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन असतो. आपल्याकडच्या हलक्या जमिनीच्या वीस ग्रॅम मातीतून मात्र जेमतेम दोन मिलिग्रॅम नत्र निघतो, म्हणजे चंबूतल्या हवेत त्याच्या दोनशेहून अधिक पट नायट्रोजन आहे. तापवल्यावर ती हवा बुडबुडे काढत आम्लातून निघून जाते आणि आम्लाचा रंग जागचा हलत नाही. उपकरणाच्या लेखी तो नायट्रोजन नव्हताच. सोयाबीनच्या, कापसाच्या, ज्वारीच्या पानाच्या लेखीही तो नसतो.

याचे कारण त्या जोडीच्या गाठीत आहे. नायट्रोजनचे दोन अणू तीन बंधांनी जोडलेले असतात आणि ते तोडण्यासाठी मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. ऑक्सिजनच्या जोडीला लागणाऱ्या सुमारे 498 किलोज्यूलच्या ती जवळपास दुप्पट आहे. पाठ्यपुस्तके नायट्रोजनला निष्क्रिय म्हणतात, ते मला पटत नाही. निष्क्रिय म्हणायचे तर आर्गॉनला म्हणावे. आपल्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो आणि कोणत्याही सजीवाने त्याचा कधी काही उपयोग केल्याचे माहीत नाही. नायट्रोजन तसा नाही, तो हट्टी आहे. गाठ सुटेपर्यंत दाद देत नाही, आणि सुटली की प्रथिने, हरितद्रव्य, डीएनए या सर्वांत शिरतो.

मुलांना आकडा आवडतो म्हणून सांगते. परभणीच्या उंचीवर एक चौरस मीटर जमिनीवर साधारण दहा टन हवा उभी असते आणि तिच्यात सुमारे साडेसात टन नायट्रोजन असतो. म्हणजे एका एकरावर तीस हजार टन. युरियात 46 टक्के नत्र असतो, त्यामुळे 45 किलोच्या गोणीतून शेतकऱ्याला 21 किलोही नत्र मिळत नाही. तीस हजार टनांच्या खाली उभे राहून एकवीस किलोसाठी रांग लावायची, ही तक्रार अगदी रास्त आहे. पण गोणीची किंमत नायट्रोजनची नसून ती गाठ सोडवण्याची आहे. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत आणि कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे कारखान्याच्या पातळीवर ते करून दाखवले. त्यासाठी चारशे-पाचशे अंश तापमान, वातावरणाच्या दोनशे पट दाब, लोहाचा उत्प्रेरक आणि नैसर्गिक वायूतून किंवा कोळशातून काढलेला हायड्रोजन लागतो. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचे अन्न या एका प्रक्रियेवर उभे आहे असा अंदाज केला जातो.

हेच काम बांधावरच्या तुरीच्या मुळाशी कोणत्याही भट्टीवाचून चालते. ऑगस्टमध्ये फुलोऱ्यावर आलेल्या सोयाबीनचे एक झाड मुलांना मातीच्या ढेकळासकट उपटायला लावा. ओढून काढू नका, कारण गाठी मातीतच राहतात. खुरप्याने भोवती उकरून अलगद उचला आणि पाण्यात मुळे धुवा. मुळांवर मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. त्यांतली एक अंगठ्याच्या नखाने दाबून फोडा. आतून गुलाबी-तांबूस रस निघाला आणि नखावर डाग पडला, तर गाठ कामावर आहे; आतला भाग हिरवट किंवा करडा निघाला, तर ती गाठ झोपलेली किंवा मेलेली आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या प्रथिनाचा. गाठीत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूंकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, तेच ती तिहेरी गाठ सोडवते आणि एका जोडीमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, किमान सोळा रेणू खर्च करते; हा खर्च झाड आपल्या साखरेतून भागवते. हे विकर ऑक्सिजन लागताच निकामी होते, म्हणून गाठीतला मोकळा ऑक्सिजन अगदी मापात ठेवण्याचे काम त्या गुलाबी प्रथिनाकडे दिलेले असते.

ऑक्सिजनने मरणारे विकर ऑक्सिजनने भरलेल्या जगात कसे, असे एखादे चौकस मूल विचारेल. ते विकर या जगातले नाही. हवेत ऑक्सिजन साचू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, सायनोजिवाणूंच्या प्रकाशसंश्लेषणामुळे, आणि हे विकर त्याच्याही आधीचे आहे. त्यामुळे सोयाबीनची गाठ म्हणजे जुन्या, ऑक्सिजनविरहित पृथ्वीची एक छोटी बंद खोली आहे असे म्हणायला हरकत नाही.

जाता जाता, वापरातली एक गोष्ट. पाकिटातून येणारे रायझोबियम हे जिवंत जिवाणू असतात. दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे. पाकीट पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत मेच्या उन्हात राहिले असेल, तर आत फक्त काळी भुकटी उरलेली असते आणि दोष मात्र जिवाणूंना दिला जातो.

विजेबद्दलही लिहायला हवे, कारण मुले ते घरून ऐकून येतात. मृगात गडगडाट झाला की पिके हिरवीगार होतात, कारण वीज हवेतला नत्र खाली आणते, असे गावोगाव सांगितले जाते. वीज हे काम करते यात शंका नाही. तिच्या वाटेवरची हवा तीस हजार अंशांपर्यंत तापते आणि त्या आगीत नायट्रोजनच्या गाठी फुटतात. परंतु साऱ्या पृथ्वीवरच्या विजा मिळून वर्षाला सुमारे पन्नास लाख टन नत्र बनवतात, आणि तो जमीन व समुद्र यांवर वाटला तर हेक्टरी दहावा हिस्सा किलोसुद्धा येतो न येतो. मग ती हिरवळ कुठून येते? उन्हाळाभर भेगाळून तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की उरलेसुरले जिवाणू एकदम जागे होतात, मेलेल्या जिवाणूंचा आणि सेंद्रिय पदार्थाचा फडशा पाडतात, आणि आठवडाभरात बांधलेल्या नत्राचा लोंढा मोकळा होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे दाखवले व 1958 मध्ये मांडले. श्रेय पावसाचे आहे, पण ते वरून आणलेल्या नत्राचे नसून खाली जागवलेल्या मातीचे आहे.

आता ज्या भागाकडे पाठ्यपुस्तके फारसे लक्ष देत नाहीत आणि ज्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तो भाग. त्यासाठी माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पूर्णाकाठच्या एका शेतकऱ्याला मी कापसाचा सगळा युरिया एकाच हप्त्यात द्यायला सांगितले. टाकल्यावर दहाएक दिवसांनी झड लागली, भारी रानात आठवडाभर पाणी तुंबले आणि पाणी ओसरल्यावर पीक पिवळे पडले. मी माती आणून तपासली, तर नायट्रेट, म्हणजे युरियापासून मातीत बनणारे ऑक्सिजनशी बांधलेल्या नत्राचे रूप, जवळपास नव्हतेच. "बाई, तीन गोण्या टाकल्या, त्या गेल्या कुठं?" असे त्यांनी विचारले तेव्हा मी "वाहून गेल्या" असे सांगून वेळ निभावली. खाली झिरपून काही गेलेही असेल, परंतु चिकण काळ्या मातीत त्या तुंबलेल्या आठवड्यात बराचसा नत्र वर गेला होता, आकाशात.

हे समजून घ्यायला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे वाफसा. वाफसा असतो तेव्हा मातीच्या पोकळ्यांत पाणीही असते आणि हवाही असते. वाफसा मोडून पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो आणि काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढू लागतात. ते नायट्रेटचे नायट्राइट करतात, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड, आणि शेवटी दोन अणूंची तीच जुनी घट्ट जोडी बांधून तिला हवेत सोडून देतात. याला विनत्रीकरण म्हणतात. शेतकऱ्याच्या हिशोबात हे निव्वळ नुकसान आहे, आणि मीही आयुष्यभर ते कसे टाळावे हेच सांगत आले: युरिया हप्त्यांनी द्यावा, रुंद सरी-वरंब्यावर पेरावे, पाण्याला वाट काढून द्यावी.

मात्र ग्रहाच्या हिशोबात हीच परतफेड आहे. जिवाणू आणि कारखाने आज ज्या वेगाने नायट्रोजनच्या गाठी सोडवत आहेत, त्याच वेगाने ते चालू राहिले आणि परतफेड पूर्ण थांबली, तर हवेतला नायट्रोजन एक-दोन कोटी वर्षांत संपेल इतका तो वेग आहे. पृथ्वीचे वय 454 कोटी वर्षे आहे. (हा केवळ वेगाचा हिशोब झाला; सगळा नत्र नायट्रेट होऊन समुद्रात साठू लागला तर त्याआधी ऑक्सिजनच संपेल.) ऑक्सिजन, नायट्रोजन आणि पाणी एकत्र ठेवली आणि रसायनशास्त्राला हवा तितका वेळ दिला, तर त्यांचा शेवट समुद्रात विरघळलेल्या नायट्रेटमध्ये होतो. तो झालेला नाही, कारण चिखलातले आणि समुद्रतळाचे जिवाणू रोज ते नायट्रेट मोडून जोडी पुन्हा हवेत पाठवत आहेत. म्हणून पृथ्वीवरचा 78 टक्के हा आकडा मी कणगीतला साठा मानत नाही. रोज घेतल्या आणि रोज फेडल्या जाणाऱ्या उसनवारीची ती शिल्लक आहे.

ही दृष्टी घेऊन शेजारच्या ग्रहांकडे पाहू. शुक्राच्या हवेत नायट्रोजन साडेतीन टक्केच आहे, पण तिथली हवा पृथ्वीच्या 92 पट दाबाची असल्यामुळे त्याचे एकूण प्रमाण आपल्या हवेतल्या नायट्रोजनच्या सुमारे तिप्पट भरते. मुलांना टक्केवारीवरून निष्कर्ष काढू देऊ नका, हे इथे जरूर सांगावे. उरलेला 96 टक्क्यांहून अधिक भाग कार्बन डायऑक्साइडचा आहे आणि पृष्ठभागावर सुमारे 464 अंश तापमान आहे. तिथे पाणी नाही, म्हणून उसनवारी नाही. ज्वालामुखींनी बाहेर टाकलेला नायट्रोजन नुसता पडून आहे.

मंगळाची गोष्ट अधिक करुण आहे आणि माझ्या विषयाच्या अधिक जवळची. तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ आहे, आणि त्या विरळ हवेत नायट्रोजन तीन टक्क्यांहून कमी. व्हायकिंग यानांनी 1976 मध्ये तिथल्या नायट्रोजनच्या दोन समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंचे) प्रमाण मोजले, तेव्हा जड नायट्रोजन-15 पृथ्वीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक भरला. हलका नायट्रोजन-14 दुबळ्या गुरुत्वातून आधी निसटतो आणि जड मागे उरतो. ताक घुसळताना वर आलेले लोणी काढून घेतल्यावर मागच्या ताकावरून किती लोणी गेले असेल याचा अंदाज घ्यावा, तसे या प्रमाणावरून किती वायू निसटला याचा अंदाज येतो. आणि जो निसटला नाही त्यातला काही मातीत बांधला गेला: क्युरिऑसिटी गाडीने गेल विवरातल्या खडकांची भुकटी तापवून पाहिली तेव्हा नायट्रेटच्या खुणा सापडल्या, हे 2015 मध्ये जाहीर झाले. उल्कांच्या आघाताने किंवा विजेने ते बनले असावे. म्हणजे जिवाणूंवाचूनही गाठ सुटू शकते. परंतु बांधलेला नत्र सोडवून हवेत परत पाठवणारे तिथे कोणी नव्हते, किंवा होते तरी टिकले नाहीत.

टायटनवर मात्र नायट्रोजनचे राज्य आहे. पृथ्वीच्या दीडपट दाब, सुमारे 95 टक्के नायट्रोजन, बाकी बहुतांशी मिथेन, आणि उणे 179 अंश तापमान. हायगेन्स यान 14 जानेवारी 2005 रोजी तिथे उतरले आणि त्याच्या मोजमापांवरून असे दिसले की हा नायट्रोजन मुळात अमोनियाच्या बर्फातून आला असावा. वरच्या थरात सूर्यप्रकाश आणि शनीभोवतीचे विद्युतभारित कण नायट्रोजनच्या गाठी फोडतात, मिथेनच्या तुकड्यांशी जुळवतात आणि त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखी संयुगे तयार होऊन नारिंगी धुके खाली बसत राहते. डीएनएतील ॲडेनिन या घटकाचे अणू हायड्रोजन सायनाइडच्या पाच रेणूंएवढे असतात, हे कळल्यावर एखाद्याला फार आशा वाटेल. पण पृष्ठभागावर पाणी दगडासारखे गोठलेले आहे. कणीक, मीठ, तेल सगळे ओट्यावर मांडले आणि पाणीच नाही, अशी ती परिस्थिती आहे. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन आणि प्लूटो यांवर तर नायट्रोजनच गोठून बर्फ झाला आहे, त्यामुळे त्यांच्याकडून या प्रश्नाला फारशी मदत होत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: नुसता नायट्रोजन ही जीवाची खूण नाही. शिवाय ती शोधायलाही अवघड आहे, कारण दोन सारख्या अणूंची जोडी अवरक्त प्रकाश जवळजवळ शोषत नाही आणि दुर्बिणीला, आमच्या चंबूप्रमाणेच, ती दिसत नाही. शोधायचे ते सहज एकत्र राहू न शकणारे वायू: भरपूर ऑक्सिजनसोबत मिथेन, किंवा ऑक्सिजनसोबत नायट्रोजन आणि द्रवरूप पाणी. गॅलिलिओ यान डिसेंबर 1990 मध्ये गुरूकडे जाताना पृथ्वीजवळून गेले, तेव्हा त्याच्या उपकरणांनी परक्या ग्रहाकडे पाहावे तसे आपल्याकडे पाहिले, आणि त्यांना ऑक्सिजन, मिथेन व नायट्रस ऑक्साइड एकत्र आढळले. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. यातला नायट्रस ऑक्साइड मला विशेष जवळचा वाटतो, कारण तो पूर्णाकाठच्या त्या तुंबलेल्या रानातून निघणारा वायू आहे. विनत्रीकरण शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचले नाही की तो वाटेतच निसटतो. एका रेणूचा हवेतला मुक्काम शंभर वर्षांहून अधिक असतो आणि उष्णता अडवण्यात तो वजनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट प्रभावी आहे. शेतकऱ्याचा तोटा, हवामानाची डोकेदुखी आणि परग्रहावरून पाहणाऱ्याला जिवाचा पत्ता, असे हे तिहेरी प्रकरण आहे.

पृथ्वीवरही ही शिल्लक नेहमी आजच्याएवढी नव्हती. याचा पुरावा आपल्याला ओळखीच्या वाटणाऱ्या दगडातून मिळाला आहे. विहीर खणताना लागणारा, भोके भोके असलेला मांजऱ्या दगड मुलांनी पाहिलेला असेलच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा त्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन सुटू लागले आणि दगड थिजताना ती भोके तशीच राहिली. जगाच्या हवेतला मूळ नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हे बऱ्याच अंशी असेच ज्वालामुखीच्या तोंडून आले. पश्चिम ऑस्ट्रेलियात 270 कोटी वर्षांपूर्वीचे असेच लाव्हाचे थर आहेत, समुद्रसपाटीला थिजलेले. थराच्या माथ्यावरच्या बुडबुड्यांवर फक्त हवेचा दाब होता, तळाच्या बुडबुड्यांवर हवेचा आणि वरच्या लाव्ह्याचाही. दोन्ही ठिकाणचे बुडबुडे मोजून तुलना केली की त्या दिवशीच्या हवेचा दाब काढता येतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तो आजच्या निम्म्याहूनही कमी निघाला. त्याचा अर्थ असा लावला जातो की जिवाणू तेव्हा नायट्रोजन खाली ओढायला शिकले होते, पण ऑक्सिजन नसल्याने नायट्रेट फारसे बनत नव्हते, आणि नायट्रेट नाही तर विनत्रीकरण नाही. उसने घेणारे होते, फेडणारे पुरेसे नव्हते.

आपल्या दगडाच्या भोकांची आणखी एक गंमत आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना या भागांत त्या पोकळ्यांत पुढे पांढरे, गुलाबी स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी त्यांची नावे आहेत आणि ती झिओलाइट या कुळातली. 2021 मध्ये रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन काढणारे संच बसवले गेले, त्यांच्या टाक्यांतही झिओलाइटच असतो, कारखान्यात बनवलेला. दाबाखालची हवा त्यातून सोडली की तो नायट्रोजनला धरून ठेवतो आणि सुमारे 93 टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जाऊ देतो. गाठ न सोडवता नायट्रोजनला बाजूला करायचे असेल तर एवढ्यावर भागते.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे येते. सगळा नायट्रोजन असाच बाजूला केला आणि ऑक्सिजन आहे तेवढाच ठेवला, तर माणसाला श्वास घेता येईल. अंतराळवीरांच्या पोशाखात कमी दाबाचा निव्वळ ऑक्सिजनच असतो. पण हवेचा दाब आजच्या जेमतेम पंचमांश उरेल आणि पाणी साधारण 60 अंशांनाच उकळू लागेल. उघड्या पातेल्यात तुरीचे वरण दिवसभर ठेवले तरी शिजणार नाही. ज्वाळेची उष्णता शोषून तिला आवरणारा नायट्रोजन नसल्याने वाळलेल्या कडब्याच्या गंजीला ठिणगी लागली तर ती विझवणे फार कठीण होईल. जास्त दाबाच्या निव्वळ ऑक्सिजनमध्ये काय होते हे 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो-1 च्या कुपीत दिसले. जमिनीवरच्या सरावात आग लागून तीन अंतराळवीर काही क्षणांत दगावले. नायट्रोजन स्वतः उष्णता अडवत नाही, परंतु त्याच्या रेणूंच्या धडकांमुळे कार्बन डायऑक्साइड आणि वाफ अधिक रुंद पट्ट्यांत उष्णता अडवतात, त्यामुळे तो नसता तर पृथ्वी आजच्याहून थंड असती. शिवाय वर जाणारी वाफ थंड थरात गोठून पुन्हा पाऊस होऊन खाली येते, ती या न गोठणाऱ्या वायूच्या गर्दीमुळे. ही गर्दी नसती तर वाफ फार उंच चढली असती, अतिनील किरणांनी फुटली असती आणि तिच्यातला हायड्रोजन अवकाशात निघून गेला असता. पृथ्वीने आपले पाणी राखले त्यात या न वापरल्या जाणाऱ्या वायूचा वाटा आहे, असे गणिती प्रतिकृती दाखवतात.

वर्गासाठी एवढे पुरेसे व्हावे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी फोडून पाहण्याचा प्रयोग सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत करावा, कारण शेंगा भरू लागल्या की झाड गाठींची साखर तोडते आणि मुलांना सगळ्या गाठी आतून हिरव्याच दिसतील. शक्य असल्यास एक झाड वाफशाच्या रानातले आणि एक पाणी तुंबणाऱ्या सखल कोपऱ्यातले आणावे, आणि दोन्हींच्या गुलाबी गाठी मोजून फळ्यावर लिहाव्यात.